चीनला नकोसे झालेले बारा तास

जानेवारी २०२५मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रमण्यन यांची एक चित्रफीत घराघरांत पाहिली गेली. आठवड्याला ९० तास काम व्हायला हवं, असं ते आपल्या कर्मचाऱ्यांना सांगत होते. रविवारी घरी बसून करणार काय, या अर्थाचं त्यांचं बोलणं गाजलं आणि सगळी चर्चा तिथेच अडकली. पण त्याच बोलण्यात त्यांनी एका चिनी माणसाचा दाखला दिला होता. चिनी लोक आठवड्याला ९० तास राबतात आणि अमेरिकन ५०, म्हणून चीन अमेरिकेला मागे टाकणार, असं त्या माणसाने त्यांना सांगितलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी ७० तासांचा आपला जुना आग्रह पुन्हा मांडला, तोही चीनच्या '९९६'चं नाव घेऊन. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस.

दोघांच्याही कर्तृत्वाबद्दल मला आदर आहे. पण ज्या चीनला साक्षीला बोलावलं जातंय, तो चीन या बारा तासांबद्दल स्वतः काय म्हणतो, हे आपल्याकडे कुणी ऐकूनच घेत नाही. आणि ते ऐकणं आज फार गरजेचं आहे.

पहिली गोष्ट कायद्याची. १९९५पासून लागू असलेल्या चीनच्या कामगार कायद्यात दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे सरासरी ४४ तास अशी मर्यादा आहे. जादा काम महिन्याला जास्तीत जास्त ३६ तास, तेही दीडपट मोबदला देऊन. सुटीच्या दिवशी दुप्पट, सणाच्या सुटीला तिप्पट. ९९६ म्हणजे आठवड्याचे ७२ तास. त्यातून जेवणाचा वेळ वजा केला तरी महिन्याची मर्यादा तिसऱ्या आठवड्यातच ओलांडली जाते. म्हणजे ही पद्धत चीनमध्ये कधीच कायदेशीर नव्हती. ती इंटरनेट कंपन्यांच्या भरभराटीच्या काळात रूढ झाली आणि तिच्यावर पहिला मोठा हल्ला केला तो तिथल्याच प्रोग्रॅमर मुलांनी. मार्च २०१९मध्ये त्यांनी गिटहबवर, म्हणजे प्रोग्रॅमर आपले कोड ठेवतात त्या संकेतस्थळावर, '९९६.आयसीयू' नावाचं पान सुरू केलं. ९९६ करत राहाल तर आयसीयूत पोचाल, एवढाच त्या नावाचा अर्थ. कोणत्या कंपन्या असं राबवतात याची यादी तिथे जमू लागली आणि दोन लाखांहून जास्त जणांनी त्या पानाला पाठिंबा दिला. पुढच्याच महिन्यात अलिबाबाचे जॅक मा म्हणाले की ९९६ करायला मिळणं हे मोठं भाग्य आहे. 'भाग्य' हा शब्द चिनी तरुणांनी तेव्हापासून कधी विसरला नाही.

ऑगस्ट २०२१मध्ये चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि मनुष्यबळ मंत्रालयाने मिळून दहा प्रकरणं प्रसिद्ध केली आणि ९९६ बेकायदा आहे असं नि:संदिग्धपणे सांगितलं. त्यातलं एक प्रकरण कुरिअर कंपनीतल्या माणसाचं आहे. महिना ८,००० युआनवर तो कामाला लागला, नऊ-नऊ-सहाला त्याने नकार दिला म्हणून कंपनीने त्याला काढून टाकलं. लवादाने कंपनीला एका महिन्याच्या पगाराएवढी भरपाई द्यायला लावली. रक्कम छोटी, पण नकार देणारा बरोबर होता हे सरकारी कागदावर आलं.

यामुळे सगळं सुधारलं, असं मी म्हणणार नाही. चिनी सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२४मध्ये उद्योगांतल्या कर्मचाऱ्यांचे आठवड्याचे सरासरी तास ४९च्या आसपास होते. बारा तास बसवून घेणारी कार्यालयं आजही आहेत. पण त्याचा अभिमान बाळगण्याचे दिवस सरले, आणि ते सरले यामागे एक शब्द आहे.

तो शब्द म्हणजे 'नेइच्युआन'. शब्दशः अर्थ आतल्या आत गुंडाळत जाणं. ही कल्पना अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६०च्या दशकात जावा बेटावरच्या भातशेतीबद्दल मांडली होती. पुढे चीनच्या शेतीचा इतिहास अभ्यासणाऱ्यांनी ती यांगत्से खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना लावून पाहिली. आपल्या कोकणातल्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही. खाचर तेवढंच. त्यात चार माणसांऐवजी आठ उतरली, चिखलणी जास्त केली, बेणणी तीनदा केली, रोप न् रोप हाताने सरळ केलं. भात थोडा वाढला, पण माणशी वाट्याला येणारा भात घटत गेला. कष्ट वाढतात, कसब वाढतं, बारकावे वाढतात आणि पुढे कुणीच जात नाही.

विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पडून असलेला हा शब्द २०२०मध्ये अचानक सगळ्यांच्या तोंडी आला. सायकल चालवता चालवता लॅपटॉपवर काम करणाऱ्या त्सिंगहुआ विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याचं छायाचित्र फिरलं आणि देशभरच्या तरुणांना त्यात स्वतःचा चेहरा दिसला. चिनी पालक हीच गोष्ट नाटकगृहाच्या उदाहरणाने सांगतात. पहिल्या रांगेतला एक जण उठून उभा राहिला, की मागच्यांना उभं राहावंच लागतं. थोड्या वेळाने अख्खं नाट्यगृह उभं असतं. सगळ्यांचे पाय दुखतात आणि दिसतं मात्र बसल्यावर दिसत होतं तेवढंच.

मला वाटतं, गेल्या काही वर्षांत चिनी समाजाने जगाच्या विचारात घातलेली ही सर्वांत मोलाची भर आहे. कारण '७० तास काम करा' म्हणणाऱ्याला तिच्यात नेमकं उत्तर आहे. तुम्ही एकट्याने ७० तास केलेत तर पुढे जाल. सगळ्यांनी केले तर जागा तेवढ्याच, ऑर्डरी तेवढ्याच, बढत्या तेवढ्याच. मग वाढलेले वीस तास कुणाच्या खिशात जातात?

चीनच्या मोटार उद्योगाकडे पाहिलं की हे पैशांत दिसतं. मे २०२५मध्ये बीवायडीने आपल्या २२ मॉडेलांच्या किमती एकाच दिवशी उतरवल्या, काहींच्या तर ३४ टक्क्यांपर्यंत. 'सीगल' ही छोटी विजेवरची गाडी ५५,८०० युआनला मिळू लागली. स्पर्धकांना उतरावंच लागलं. त्याच सुमारास ग्रेट वॉल मोटरचे अध्यक्ष वेई ज्यानजुन जाहीरपणे म्हणाले की मोटार उद्योगातली 'एव्हरग्रँड' जन्माला आलेली आहे, फक्त ती अजून फुटलेली नाही. एव्हरग्रँड म्हणजे कर्जाच्या डोंगराखाली कोसळलेली ती अवाढव्य बांधकाम कंपनी. (हीच ग्रेट वॉल जानेवारी २०२०मध्ये तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायला निघाली होती. गलवानच्या संघर्षानंतर तो व्यवहार बारगळला.)

गिऱ्हाइकाला स्वस्त गाडी मिळाली यात वाईट काय, असं कुणीही विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे. चीनच्या या जीवघेण्या स्पर्धेमुळेच सौरपट्ट्या जगभर स्वस्त झाल्या, आपल्या शेतावरच्या सौरपंपालाही त्याचा फायदा झाला. पण किंमत उतरते ती कुठून, हे पाहावं लागतं. गाडी बनवणारा सुटे भाग पुरवणाऱ्याचे पैसे महिनोन्महिने थकवतो. पुरवठादार खालच्या वर्कशॉपचे थकवतो. वर्कशॉपवाला कामगाराच्या तासांना हात घालतो, कारण त्याच्या हातात तेवढंच उरलेलं असतं. जून २०२५मध्ये सरकारने डोळे वटारल्यावर मोठ्या मोटार कंपन्यांनी ६० दिवसांत पैसे देण्याचं वचन दिलं. चाकण-भोसरीत जॉबवर्क करणाऱ्या कुणालाही विचारा, या ओळीचा अर्थ तो लगेच सांगेल.

एवढा तोटा सोसून कारखाने चालू कसे राहतात? कारण प्रत्येक प्रांताला, प्रत्येक शहराला आपली मोटार कंपनी हवी, आपला बॅटरी कारखाना हवा. जमीन, कर्ज, सवलती स्थानिक सरकार देतं. रोजगार आणि कर दिसतो तोवर कुणी कुलूप लावू देत नाही. बुडायला हवा तो बुडत नाही आणि जगायला हवा तो कमावत नाही.

म्हणून आता खुद्द चिनी सरकारच नेइच्युआनविरुद्ध बोलू लागलं आहे. जुलै २०२४मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिटब्युरोने, म्हणजे सर्वोच्च नेत्यांच्या मंडळाने, हा शब्द उच्चारला, मार्च २०२५च्या सरकारी कामकाज अहवालात तो आला, आणि ऑक्टोबर २०२५पासून लागू झालेल्या सुधारित कायद्याने ऑनलाइन बाजारपेठांना विक्रेत्यांवर तोट्यात माल विकण्याची सक्ती करायला बंदी घातली. कंपन्यांचंही पाहा. २०२५च्या सुरुवातीला घरगुती उपकरणं बनवणाऱ्या 'मिडिया' कंपनीने कर्मचाऱ्यांना संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटांनी घरी जायला सांगितलं. ड्रोन बनवणाऱ्या डीजेआयने रात्री नऊनंतर कार्यालयं रिकामी करायला सुरुवात केली. हायरने, ज्यांचा कारखाना आपल्या रांजणगावात आहे, आठवड्याच्या दोन सुट्या सक्तीच्या केल्या. यात दयाबुद्धीपेक्षा हिशोब जास्त आहे, असं माझं मत. चीनमध्ये कुटुंबांचा खर्च देशाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे ४० टक्केच आहे, मोठ्या अर्थव्यवस्थांच्या मानाने फारच कमी. माल उदंड, घेणारा नाही. रात्री नऊला सुटणारा माणूस बाजारात जाणार कधी?

इथे 'चिनी माणूस मुळातच कष्टाळू, म्हणून तो देश पुढे गेला' हे आपल्याकडचं आवडतं वाक्य तपासून घ्यायला हवं. कष्ट सोसण्याला चिनी भाषेत 'कडू खाणं' म्हणतात. आधी कडू, मग गोड, ही तिथल्या आई-वडिलांची शिकवण. त्या पिढीने कडू खरंच खाल्लं. पण ते खाताना तिला गोड दिसत होतं.

झेजियांग प्रांतातलं यिवू घ्या. दिव्यांच्या माळा, खेळणी, केसांच्या पिना यांचं हे जगाचं घाऊक दुकान. क्रॉफर्ड मार्केटच्या व्यापाऱ्यांना ते नवं नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी तिथली जमीन निकस होती. शेतीची कामं संपली की शेतकरी खांद्यावर कावड घ्यायचे, हातातला खुळखुळा वाजवत गावोगाव फिरायचे, गुळाच्या वड्या देऊन कोंबडीची पिसं गोळा करायचे. चांगल्या पिसांचे झटकणे व्हायचे, उरलेली खत म्हणून शेतात जायची. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या आपल्या बोहारणीसारखाच हा धंदा. आणि माओच्या काळात तो गुन्हा होता. १९८२मध्ये रस्त्यावर किरकोळ वस्तू विकणारी एक बाई थेट काउंटीच्या पक्षसचिवांकडे, श्ये काओहुआ यांच्याकडे, गेली आणि आम्हाला विकू का देत नाही म्हणून भांडली. श्ये यांनी तिचं ऐकून घेतलं आणि सप्टेंबरात स्वतःच्या जबाबदारीवर बाजार उघडू दिला. वरून हुकूम आलेला नव्हता. त्या बाजाराचं आजचं रूप पाहायला जगभरचे लोक जातात.

त्या बाईने आणि तिच्या पिढीने दिवसाचे किती तास काम केलं असेल? बारापेक्षा जास्तच. पण ते तास तिचे होते. विकलेल्या प्रत्येक बटणाचा पैसा तिच्या गाठीला लागत होता. झेजियांगचे व्यापारी आपल्या यशाचं वर्णन चार हजारांनी करतात: हजार डोंगर-नद्या तुडवल्या, हजार बोल बोललो, हजार युक्त्या लढवल्या, हजार कष्ट गिळले. आपले उद्योगपती यातला चौथा हजार तेवढा उचलतात. आणि या चारही हजारांच्या खाली जो पाया होता त्याचं तर नावच कुणी घेत नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला चीनमध्ये निम्म्या प्रौढ स्त्रिया साक्षर होत्या. आपल्याकडे १९८१च्या जनगणनेत दहांतल्या तीन. शाळा, दवाखाना आणि कारखान्याच्या दारात उभी राहू शकणारी मुलगी आधी तयार झाली, मग कारखाने आले.

आजच्या चिनी तरुणासमोर कडू तेच आहे, गोड मात्र दिसेनासं झालंय. २०२५मध्ये १ कोटी २२ लाख मुलं पदव्या घेऊन बाहेर पडली. जून २०२३मध्ये शहरी तरुणांतली बेरोजगारी २१.३ टक्क्यांवर गेली, तेव्हा सरकारने काही महिने तो आकडा प्रसिद्ध करणंच थांबवलं आणि नंतर मोजण्याची पद्धत बदलून पुन्हा सुरू केलं. राष्ट्रीय नागरी सेवा परीक्षेच्या २०२६च्या फेरीत ३८,१०० जागांसाठी ३७ लाखांहून जास्त उमेदवार पात्र ठरले. परीक्षेत पास झालेल्याला तिथे 'किनाऱ्याला लागला' म्हणतात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये वर्षं काढणाऱ्या आपल्या मुलांना हा शब्द काय सांगतो, ते वेगळं लिहायला नको.

किनारा न सापडलेल्यांची दुसरी भीती पस्तिशीची. खासगी कंपन्यांच्या जाहिराती उघड उघड ३५च्या आतली माणसं मागतात. बारा तास ज्या वयात झेपतात तेवढ्यापुरता माणूस वापरायचा, मग नवा आणायचा. (नागरी सेवेतली हीच ३५ची अट २०२५मध्ये ३८पर्यंत सैल झाली, हे बरं झालं.) कार्यालयातली मुलं स्वतःला 'बैल-घोडे' म्हणवून घेतात. कारखान्यातली नोकरी सोडलेल्या एका तरुणाने २०२१मध्ये 'आडवं पडून राहणं हाच न्याय' असं लिहिलं आणि 'थांगफिंग', म्हणजे सपाट पडून राहणं, हा एका पिढीचा शब्द झाला. आपल्याकडे याला आळस म्हणून हसले. मला ते हसणं क्रूर वाटतं. चीनमध्ये सरकारमान्य संघटनेबाहेर कामगारांना स्वतःची युनियन काढता येत नाही, आणि संपाचा हक्क १९८२मध्ये राज्यघटनेतून काढून टाकला गेला. एकत्र येऊन 'नाही' म्हणता येत नाही, तेव्हा माणूस एकट्याने आडवा पडतो.

आणि तो लग्न करत नाही. २०१३मध्ये चीनमध्ये १ कोटी ३४ लाख विवाहांची नोंद झाली होती, २०२४मध्ये ६१ लाखांची. २०१६मध्ये १ कोटी ७८ लाख मुलं जन्मली, २०२४मध्ये ९५ लाख. घरांच्या किमती, शिक्षणाचा खर्च, एक-मूल धोरणाने घटवलेली तरुणांची संख्या, अशी कारणं पुष्कळ आहेत. पण रात्री नऊला सुटणारी दोन माणसं मूल वाढवणार कधी, हा प्रश्न त्या सगळ्यांच्या तळाशी आहे.

आता आपल्या दारात. सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि दुकानं-आस्थापनांतली ९ वरून १० तासांवर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, हे मान्य. पण कारखान्यांतल्या जादा कामाची तिमाही मर्यादा ११५ वरून १४४ तास करायलाही तेव्हाच मंजुरी मिळाली. चीनच्या कायद्यात महिन्याला ३६, म्हणजे तिमाहीला १०८. ज्या देशाच्या राबण्याचे गोडवे आपण गातो, त्याच्या कायद्याहून जास्त जादा काम आपण कागदावरच मान्य करतोय. आणि ज्या कामगाराची नोकरीच कंत्राटावर आहे, त्याची लेखी संमती म्हणजे काय, हे एमआयडीसीच्या फाटकावर अर्धा तास उभं राहिलं तरी कळतं. रविवारी घरी बसून काय करणार, हे ऐकताना मला नारायण मेघाजी लोखंडे आठवत होते. मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली ती १८९०मध्ये, त्यांनी वर्षानुवर्षं झगडून मिळवलेली.

चीनकडून शिकू नये, असं माझं मुळीच म्हणणं नाही. उलट आजच्या चीनकडून शिकावं. हेनान प्रांतातल्या शुचांगसारख्या मध्यम आकाराच्या शहरात १९९५पासून 'पांग दोंगलाय' नावाची सुपरमार्केटं आहेत. २०२५पर्यंत मोजून डझनभर, दोन शहरांत. २०२४ची त्यांची विक्री सुमारे १,७०० कोटी युआन. तिथला कर्मचारी दिवसाला सात तासांच्या आसपास काम करतो आणि त्या भागातल्या इतर दुकानांपेक्षा पुष्कळ जास्त कमावतो. गिऱ्हाइकाने अपमान केला तर त्याला भरपाई मिळते. २०२४पासून वर्षाला दहा दिवस 'मन लागत नाही' म्हणून रजा घेता येते आणि वरिष्ठाला ती नाकारता येत नाही. मालक यू दोंगलाय यांचं सगळंच मला पटत नाही. कर्मचाऱ्यांनी लग्नात वधूमूल्य घेऊ-देऊ नये, पंगत केवढी असावी, हेही ते ठरवू पाहतात, तेव्हा मालकाने एवढं घरात शिरू नये असं वाटतं. पण योंगहुईसारख्या देशभर पसरलेल्या सुपरमार्केट साखळीला तोटा होऊ लागला, तेव्हा तिने २०२४मध्ये याच मध्यम शहरातल्या माणसाला मदतीला बोलावलं. त्याने सुचवलेल्या बदलांत मालाच्या मांडणीबरोबर पगारवाढ होती आणि कमी तास होते.

शुचांगला ही दुकानं पाहायला आता दुसऱ्या प्रांतांतून माणसं येतात. मंगळवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून येणारे आधी वार बघून घेतात.